शेतीचा वर्ग शिवारापर्यंत : ओक्लाहोमा राज्याच्या व्यवसाय व तंत्रशिक्षणाची घडी

कृषी विज्ञान केंद्रांचा जन्म व्यवसाय शिक्षणाच्या विचारातून झाला, ही गोष्ट आज सहसा आठवली जात नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ग्रामीण तरुणांना शेती व शेतीपूरक व्यवसायांचे प्रत्यक्ष शिक्षण देणाऱ्या स्वतंत्र संस्था असाव्यात, असा विचार मांडला. तो पुढे नेण्यासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७३ मध्ये डॉ. मोहनसिंह मेहता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९७४ मध्ये पुद्दुचेरी येथे तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र सुरू झाले. कृतीतून शिकवणे आणि कृतीतून शिकणे हे तत्त्व या केंद्रांच्या पायाशी आहे.

आज देशात अशी सातशेहून अधिक केंद्रे कार्यरत आहेत. त्यांच्या जोडीला कृषी तंत्र विद्यालये आहेत, शाळांमधील व्यवसाय विषय आहेत आणि कौशल्य विकासाच्या अनेक योजना आहेत. तरीही प्रत्येक प्रशिक्षणाच्या अखेरच्या दिवशी एक प्रश्न उभा राहतो. प्रमाणपत्र घेऊन प्रशिक्षणार्थी घरी जातो. त्यानंतर त्याच्या गोठ्यात, रोपवाटिकेत किंवा अळिंबीच्या खोलीत काय घडते, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची?

या प्रश्नाचे एक विचारपूर्वक दिलेले उत्तर अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात पाहायला मिळते. क्षेत्रफळाने हे राज्य कर्नाटकापेक्षा थोडे लहान आणि लोकसंख्या चाळीस लाखांच्या आसपास. गहू आणि मांसासाठी पाळली जाणारी गुरे ही येथील शेतीची मुख्य अंगे. पश्चिमेकडे पाऊस कमी, वारा फार. अशा कोरडवाहू राज्याने शाळेतील मुलांपासून प्रौढ शेतकऱ्यांपर्यंत व्यवसाय शिक्षणाची जी घडी बसवली, तिचा अभ्यास विस्तार कार्यकर्त्यांना उपयोगी पडण्यासारखा आहे.

राज्यघटनेतच शेतीचा विषय

ओक्लाहोमाला १९०७ मध्ये राज्याचा दर्जा मिळाला. त्याच वर्षीच्या राज्यघटनेत एक वेगळे कलम घालण्यात आले. राज्यातील सार्वजनिक शाळांमध्ये शेती, फलोद्यान, पशुआहार आणि गृहविज्ञान यांची मूलतत्त्वे शिकवण्याची तरतूद विधिमंडळाने करावी, असे ते कलम सांगते. त्यापूर्वीच, १८९० मध्ये, स्टिलवॉटर येथे कृषी महाविद्यालय स्थापन झाले होते. तेच पुढे ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटी म्हणून विकसित झाले.

मात्र घटनेत कलम असणे आणि वर्गात चांगला शिक्षक असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीसाठी पैसा आणि नियम लागतात. ते १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने आले. या संघीय कायद्याने राज्यांना व्यवसाय शिक्षणासाठी अनुदान देऊ केले. पण त्यासोबत अटीही घातल्या. प्रत्येक राज्याने व्यवसाय शिक्षणाचे मंडळ नेमावे, शिक्षणाचा लेखी आराखडा सादर करावा आणि संघीय सरकारच्या प्रत्येक डॉलरमागे राज्याने किंवा स्थानिक संस्थेने आपला एक डॉलर घालावा. शेतीच्या विषयासाठी आणखी एक अट होती आणि तीच पुढे सर्वांत मोलाची ठरली. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षातून किमान सहा महिने, शाळेच्या किंवा अन्य शेतावर, शिक्षकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतीकाम केले पाहिजे.

या अटीमागे एका शिक्षकाचा अनुभव होता. मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थम्प्टन येथील कृषी शाळेचे प्रमुख रूफस स्टिमसन यांनी १९०८ च्या सुमारास 'घरचा प्रकल्प' ही पद्धत रुजवली. शाळेच्या शेतावर सगळ्या मुलांनी एकच काम करण्याऐवजी प्रत्येकाने आपल्या घरच्या शेतावर एक छोटा प्रकल्प घ्यावा, त्याचा जमाखर्च ठेवावा आणि शिक्षकाने तेथे जाऊन मार्गदर्शन करावे, अशी ती कल्पना. शाळेचे शेत नेहमी शाळेचेच राहते. घरच्या वाफ्यातील नफातोटा मात्र मुलाला स्वतःचा वाटतो. ही साधी जाण राष्ट्रीय कायद्यात उतरली.

धुळीने शिकवलेला धडा

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दशकांत ओक्लाहोमा व आसपासच्या राज्यांत गव्हाच्या चांगल्या भावामुळे गवताळ माळराने नांगरली गेली. १९३० च्या दशकात लागोपाठ अवर्षण पडले आणि मुळांची पकड नसलेली माती वाऱ्याबरोबर उडू लागली. १४ एप्रिल १९३५ चे धुळीचे वादळ अमेरिकेच्या इतिहासात 'काळा रविवार' म्हणून नोंदले गेले. ओक्लाहोमातून हजारो कुटुंबे घरदार सोडून कॅलिफोर्नियाकडे गेली.

या आपत्तीनंतर शेती शिक्षणाला नवा विषय मिळाला : माती वाचणे. १९४० च्या दशकात ओक्लाहोमाच्या कृषी महाविद्यालयाच्या विस्तार शाखेने 'जमीन परीक्षण स्पर्धा' सुरू केल्या आणि १९५२ पासून त्यांची राष्ट्रीय स्पर्धाही ओक्लाहोमातच भरू लागली. स्पर्धेची रीत अगदी सरळ आहे. शेतात खड्डे खणलेले असतात. मुले खड्ड्यापाशी येतात, वरच्या थराची आणि खालच्या थराची माती हातात चोळून तिचा पोत ओळखतात, मातीची खोली पाहतात, उतार किती ते ठरवतात, पाणी मुरण्याचा वेग आणि धूप यांचा अंदाज घेतात. त्यावरून त्या जमिनीचा क्षमता वर्ग ठरवायचा आणि कोणती पिके, कोणते बांध, कोणते खत योग्य, याची शिफारस लिहायची. तज्ज्ञांनी आधी ठरवलेल्या उत्तरांशी ताडून गुण दिले जातात.

जमिनीचे पहिल्यापासून आठव्यापर्यंतचे क्षमता वर्ग भारतातील मृद व जलसंधारणाच्या कामातही वापरले जातात. पण आपल्याकडे ते बहुधा अधिकाऱ्याच्या अहवालात राहतात. ओक्लाहोमात सोळा वर्षांचा मुलगा ते वर्ग आपल्या वडिलांच्या शेतावर ओळखू शकतो.

तीन पायांची तिवई

ओक्लाहोमातील बहुसंख्य ग्रामीण माध्यमिक शाळांत आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी कृषी शिक्षणाचा विभाग असतो. या शिक्षणाची रचना तीन पायांच्या तिवईसारखी आहे. पहिला पाय म्हणजे वर्ग आणि कार्यशाळा. येथे पशुविज्ञान, वनस्पतिविज्ञान, मृदाशास्त्र, शेती यंत्रे, जोडकाम, शेती व्यवस्थापन असे विषय शिकवले जातात.

दुसरा पाय म्हणजे देखरेखीखालील शेती अनुभव. प्रत्येक विद्यार्थ्याने आपला प्रकल्प निवडायचा. कोणी वासरू किंवा शेळी पाळतो, कोणी भाजीपाला लावतो, कोणी पशुवैद्यकाच्या दवाखान्यात काम करतो, कोणी गुरे वाहून नेण्याचा ट्रेलर तयार करतो, तर कोणी बियाणे उगवणीचा छोटा प्रयोग हाती घेतो. शेत नसलेल्या मुलांसाठी नोकरीचे, संशोधनाचे किंवा शाळेच्या आवारातील उपक्रमाचे मार्ग मोकळे ठेवले आहेत. मात्र एका बाबतीत सवलत नाही : नोंद ठेवलीच पाहिजे. खाद्याचा खर्च, मजुरीचे तास, जनावराचे वजन, विक्रीची रक्कम, सगळे वहीत किंवा संगणकावर उतरवायचे. वर्षाअखेर विद्यार्थ्याला आपण कमावले की गमावले, हे आकड्यांत सांगता आले पाहिजे.

तिसरा पाय म्हणजे विद्यार्थी संघटना. 'फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका' ही संघटना १९२८ मध्ये मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे स्थापन झाली. सभा चालवणे, ठराव मांडणे, लोकांसमोर बोलणे, जनावरांची पारख करणे, स्पर्धांत उतरणे हे सारे येथे शिकवले जाते. सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत उभे राहून हिशेबावर प्रश्न विचारण्याची तयारी शाळेतच करून घेतली जाते, असे म्हणता येईल.

या तिन्ही पायांना धरून ठेवणारा माणूस म्हणजे कृषी शिक्षक. ओक्लाहोमात त्याची नेमणूक बारा महिन्यांची असते. अन्य विषयांच्या शिक्षकांना उन्हाळ्यात सुटी मिळते. पण पिकाला आणि जनावराला सुटी नसते, म्हणून कृषी शिक्षकालाही नसते. उन्हाळ्यात तो विद्यार्थ्यांच्या घरी जातो, गोठा पाहतो, नोंदवही तपासतो, आईवडिलांशी बोलतो. शिक्षकाचा शाळेपासून विद्यार्थ्याच्या शेतापर्यंतचा प्रवास हा त्याच्या नोकरीचा भाग मानला जातो आणि त्याचे वेतन त्याला मिळते. ओक्लाहोमाच्या साऱ्या व्यवस्थेतील हीच मुख्य कडी आहे.

मंडळ राज्याचे, केंद्र परिसराचे

छोट्या गावातील शाळेला प्रत्येक व्यवसायाची कार्यशाळा उभारणे परवडत नाही. डिझेल इंजिन, वातानुकूलन, परिचर्या, वेल्डिंग, इलेक्ट्रॉनिक्स यांसाठी महागडी साधने आणि अनुभवी निदेशक लागतात. यावर ओक्लाहोमाने १९६६ मध्ये मार्ग काढला. अनेक शाळांच्या परिसरांनी एकत्र येऊन एक सामाईक व्यवसाय शिक्षण क्षेत्र स्थापन करावे आणि मतदारांच्या संमतीने त्यासाठी मालमत्ता कर आकारावा, अशी घटनादुरुस्ती जनतेने मतदानाने मंजूर केली. त्यानंतर १९६८ मध्ये व्यवसाय शिक्षणासाठी स्वतंत्र राज्य मंडळ आणि स्वतंत्र विभाग अस्तित्वात आला. त्याचे मुख्यालय स्टिलवॉटर येथे आहे. १९६७ ते १९८६ अशी सुमारे दोन दशके फ्रान्सिस टटल यांनी या यंत्रणेचे संचालकपद सांभाळले आणि तिची घडी बसवली.

आज राज्यात २९ तंत्रज्ञान केंद्रे असून त्यांच्या शाखा राज्यभर पसरल्या आहेत. अकरावी-बारावीचे विद्यार्थी दिवसाचा अर्धा वेळ आपल्या शाळेत आणि अर्धा वेळ या केंद्रात घालवतात. क्षेत्रातील शालेय विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क नसते. प्रौढांकडून माफक शुल्क घेतले जाते. मुलाला आपली शाळा, आपले मित्र, आपला संघ सोडावा लागत नाही आणि तरी चांगली कार्यशाळा मिळते.

कामाची वाटणी ध्यानात घेण्यासारखी आहे. तंत्रज्ञान केंद्राचे संचालक मंडळ स्थानिक मतदार निवडून देतात. कोणते अभ्यासक्रम चालवायचे, इमारत कधी बांधायची, कोणाला नेमायचे, हे निर्णय तेथे होतात. राज्याचा विभाग अभ्यासक्रमांचे दर्जे ठरवतो, शिक्षणसाहित्य तयार करतो, शिक्षकांचे प्रशिक्षण घेतो, निधी वाटतो आणि फलिताची तपासणी करतो. माध्यमिक शाळांतील व्यवसाय विषय, तुरुंगांतील कौशल्य केंद्रे, प्रौढांचे मूलभूत शिक्षण आणि उद्योगांसाठीचे प्रशिक्षण ही सारी कामे याच विभागाच्या छत्राखाली येतात. शाळेतील मुलगा, नोकरी गमावलेला कामगार आणि शिक्षा भोगून बाहेर पडणारा कैदी यांच्यासाठी तीन खात्यांची तीन दारे ठोठवावी लागत नाहीत.

पैसा कसा येतो, हिशेब कसा द्यावा लागतो

व्यवसाय शिक्षणाला संघीय निधी आता 'पर्किन्स कायद्या'खाली मिळतो. हा कायदा प्रथम १९८४ मध्ये झाला आणि त्याची सध्याची आवृत्ती २०१८ ची आहे. देशभरासाठी वर्षाला सुमारे १.४ अब्ज डॉलर या कायद्याखाली दिले जातात. राज्यांच्या आणि स्थानिक करांच्या खर्चापुढे ही रक्कम लहान आहे; पण तिच्या अटींमुळे सगळ्या राज्यांच्या कामाला एक शिस्त लागते.

राज्याला मिळालेल्या रकमेपैकी किमान ८५ टक्के रक्कम शाळा व संस्थांपर्यंत पोहोचली पाहिजे. राज्यस्तरावरील मार्गदर्शनासाठी कमाल १० टक्के आणि प्रशासनासाठी कमाल ५ टक्के ठेवता येतात. प्रशासनासाठी घेतलेल्या प्रत्येक डॉलरमागे राज्याला आपला डॉलर घालावा लागतो. राज्याने चार वर्षांचा आराखडा लोकांसमोर ठेवून, सूचना घेऊन तयार करायचा असतो.

त्याहून महत्त्वाची तरतूद स्थानिक गरजांच्या पाहणीची आहे. निधी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने दर दोन वर्षांनी किमान एकदा आपल्या परिसराच्या गरजा तपासल्या पाहिजेत. या पाहणीत शिक्षक, पालक, विद्यार्थी, स्थानिक उद्योजक आणि जेथे आहेत तेथे मूळ निवासी जमातींचे प्रतिनिधी सहभागी झाले पाहिजेत. परिसरात मागणी नसलेला अभ्यासक्रम केवळ निदेशक उपलब्ध आहे म्हणून चालू ठेवणे त्यामुळे अवघड होते.

फलिताचे मोजमापही ठरलेले आहे. किती विद्यार्थी शालान्त उत्तीर्ण झाले आणि शिक्षण संपल्यानंतरच्या दुसऱ्या तिमाहीत किती जण पुढील शिक्षणात, प्रशिक्षणात, सेवेत किंवा नोकरीत आहेत, हे नोंदवावे लागते. गरीब, अपंग, निराधार अशा गटांतील विद्यार्थ्यांचे आकडे वेगळे दाखवावे लागतात. ठरलेल्या उद्दिष्टाच्या ९० टक्क्यांपर्यंतही न पोहोचल्यास सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो. किती प्रशिक्षणे घेतली आणि किती जण हजर होते, एवढ्यावर हिशेब संपत नाही. शिकलेला माणूस काही महिन्यांनी कोठे आहे, हे सांगावे लागते.

प्रौढ शेतकऱ्याच्या दारी

विस्तार कार्यकर्त्यांच्या दृष्टीने या व्यवस्थेतील सर्वांत जवळचा भाग म्हणजे तंत्रज्ञान केंद्रांचा 'शेती व्यवसाय व्यवस्थापन' कार्यक्रम. हा पूर्णवेळ शेतकऱ्यांसाठी आहे. निदेशक शेतकरी कुटुंबाच्या घरी जातो, त्यांच्यासोबत टेबलाशी बसून जमाखर्चाच्या नोंदी व्यवस्थित लावून देतो आणि प्रत्येक उपक्रमाचा वेगळा हिशेब मांडायला शिकवतो. गव्हात किती उरले, गुरांत किती उरले, भाड्याने घेतलेल्या जमिनीने काय दिले, हे वेगवेगळे दिसू लागते. कर्जासाठी बँकेत जाताना शेतकऱ्याच्या हाती स्वतःचा ताळेबंद असतो.

या कार्यक्रमात पीक कसे घ्यावे हे फारसे शिकवले जात नाही. त्यासाठी कृषी विद्यापीठाची विस्तार सेवा आहे. येथे भर आहे तो निर्णय घेण्यावर. शेतकऱ्याचे उत्पादन वाढूनही हाती पैसा का उरत नाही, या प्रश्नाची उकल बहुतेकदा हिशेबाच्या वहीतच सापडते. महाराष्ट्रातील कापूस, सोयाबीन किंवा कांदा उत्पादकालाही हा प्रश्न परका नाही. पीकनिहाय खर्चाची नोंद ठेवणारी कुटुंबे आजही मोजकीच आढळतात आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांपैकी अनेकींची अडचण शेतमालापेक्षा हिशेबात अधिक असते.

उणिवा आणि जुने व्रण

ही व्यवस्था निर्दोष नाही. वर्णभेदाच्या काळात दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या आणि त्यांची 'न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका' ही वेगळी संघटना होती. तिची स्थापना १९३५ मध्ये झाली. १९६५ मध्ये ती मोठ्या संघटनेत विलीन करण्यात आली, तेव्हा तिचे पन्नास हजारांहून अधिक सदस्य होते. विलीनीकरणानंतर तिचे नाव, झेंडा आणि नेतृत्व मागे पडले आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा सहभाग घसरला. मुलींना राष्ट्रीय संघटनेचे दार १९६९ मध्ये उघडले. दार उशिरा उघडले की त्यामागे राहिलेल्यांचे नुकसान भरून यायला पिढ्या लागतात, हे या इतिहासातून दिसते.

आजच्या अडचणी वेगळ्या आहेत. स्थानिक मालमत्ता करावर भिस्त असल्यामुळे श्रीमंत परिसरातील केंद्र संपन्न आणि विरळ वस्तीचे केंद्र तंगीत, असे चित्र दिसते. राज्याचा निधी ही दरी काही प्रमाणात कमी करतो. पूर्ण भरून काढत नाही. कृषी शिक्षकांची टंचाई देशभर जाणवते. बारा महिने, संध्याकाळी आणि शनिवारीही काम करणाऱ्या शिक्षकाला खासगी कृषी कंपनी अधिक वेतन देऊ करते, तेव्हा त्याला शाळेत टिकवणे कठीण जाते. जनावरांच्या प्रदर्शनांचा खर्चही वाढला आहे. महागडे वासरू विकत घेऊ शकणाऱ्या घरातील मूल आणि साधी शेळी पाळणारे मूल एकाच स्पर्धेत उतरते, तेव्हा शिक्षणाचा हेतू मागे पडण्याचा धोका असतो.

सर्वांत जुनी अडचण प्रतिष्ठेची आहे. व्यवसाय शिक्षण म्हणजे अभ्यासात मागे पडलेल्यांची वाट, हा समज अमेरिकेतही होता. 'व्होकेशनल' या शब्दाला ती छटा चिकटली, म्हणून ओक्लाहोमाने २००० मध्ये विभागाचे नाव बदलून 'करिअर अँड टेक्नॉलॉजी एज्युकेशन' केले आणि २००६ मध्ये संघीय कायद्यानेही 'करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन' हा शब्दप्रयोग स्वीकारला. नाव बदलल्याने समज आपोआप बदलत नाही. शेतीचा विद्यार्थी विद्यापीठातही जाऊ शकतो आणि वेल्डिंगचा विद्यार्थी अभियंता होऊ शकतो, हे प्रत्यक्ष दिसू लागल्यावरच पालकांचा विश्वास बसू लागतो.

आपल्या कामासाठी काय घेता येईल

भारतात शिक्षण हा विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आला, तर शेती हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळे शेतीच्या व्यवसाय शिक्षणात शालेय शिक्षण, कौशल्य विकास आणि कृषी अशा वेगवेगळ्या विभागांचे हात लागतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये नोंदवल्याप्रमाणे, बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार १९ ते २४ वयोगटातील भारतीय कामगारांपैकी ५ टक्क्यांहूनही कमी जणांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळाले होते. अमेरिकेसाठी हा आकडा ५२ टक्के, जर्मनीसाठी ७५ टक्के आणि दक्षिण कोरियासाठी ९६ टक्के असा त्याच धोरणात दिला आहे.

ही दरी भरण्यासाठी राज्यस्तरावरील निर्णय लागतील. पण काही गोष्टी विस्तार कार्यकर्ते आणि प्रगतिशील शेतकरी आपल्या पातळीवर आजही करू शकतात.

पहिली गोष्ट म्हणजे प्रशिक्षणापूर्वीची पाहणी. कुक्कुटपालन, मधमाशीपालन किंवा अळिंबी उत्पादनाचे प्रशिक्षण ठरवण्याआधी परिसरातील व्यापारी, महिला बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी, शाळेचे मुख्याध्यापक आणि तरुण शेतकरी यांना एका बैठकीत बसवून मागणी कशाची आहे, हे समजून घेता येते. दर दोन वर्षांनी ही बैठक झाली, तरी वार्षिक कृती आराखड्यात पुष्कळ नेमकेपणा येईल.

दुसरी गोष्ट म्हणजे घरचा प्रकल्प. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी प्रत्येकाने आपल्या घरी सुरू करावयाचा छोटा उपक्रम ठरवावा. पाच शेळ्या, दोन मधपेट्या, एक गुंठा रोपवाटिका इतक्यानेही सुरुवात होते. त्यासोबत एक नोंदवही दिली जावी आणि प्रमाणपत्र किमान सहा महिन्यांच्या नोंदी पाहूनच मिळावे. 'आर्या' प्रकल्पातील तरुण उद्योजकांच्या बाबतीत कृषी विज्ञान केंद्रांना हे सहज करता येण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे भेटी. प्रशिक्षणानंतरच्या सहा महिन्यांत प्रत्येक प्रशिक्षणार्थीच्या घरी किमान दोन भेटी व्हाव्यात आणि त्या कामाच्या नोंदीत प्रशिक्षणाइतक्याच मोलाच्या धराव्यात. मनुष्यबळ कमी असते, हे खरे. तेथे गावात राहणारे कृषिदूत आणि कृषिकन्या मदतीला येऊ शकतात. ग्रामीण कृषी कार्यानुभवाच्या काळात त्यांनी मागील वर्षीच्या प्रशिक्षणार्थींच्या नोंदवह्या तपासल्या, तर विद्यार्थ्यांनाही शेतीचे खरे अर्थशास्त्र कळेल आणि केंद्रालाही आपल्या कामाचे फलित दिसेल.

चौथी गोष्ट शाळेशी जोडणारी आहे. शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दप्तरमुक्त दिवसांची सूचना आहे. त्या दिवसांत मुलांनी स्थानिक कारागीर व व्यावसायिकांकडे जाऊन काम शिकावे, अशी अपेक्षा आहे. प्रगतिशील शेतकऱ्याचे शेत हे त्यासाठी उत्तम ठिकाण आहे. तेथे तीन-चार ठिकाणी कंबरभर खोल खड्डे घेऊन जमीन परीक्षण स्पर्धा भरवता येते. काळी माती कोठे संपते आणि मुरूम कोठे लागतो, चुनखडी आहे का, उतार कोणीकडे, पाणी कोठे साचते, बांध कोठे हवा, हे मुलांनी स्वतः पाहून लिहावे. खर्च नाममात्र आहे. मृदा आरोग्य पत्रिकेवरील आकडे त्याच शेताचे असतील, तर मुलांना कागद आणि माती यांचा संबंध डोळ्यांनी दिसेल.

ओक्लाहोमाची सगळी व्यवस्था जशीच्या तशी उचलता येणार नाही. तेथील मालमत्ता कर, मोठी शेते आणि विरळ वस्ती आपल्याकडे नाहीत. घेण्यासारखी आहे ती तिच्यामागची समजूत : शेतीचे शिक्षण वर्गात सुरू होते, पण ते पुरे होते शिकणाऱ्याच्या स्वतःच्या शेतावर, त्याच्या स्वतःच्या हिशेबात. त्यासाठी शिक्षकाने तेथवर चालत जावे लागते आणि ते चालणे त्याच्या कामाचा भाग आहे, हे राज्याने मान्य करावे लागते. शंभर वर्षांपूर्वी एका कायद्याने घातलेल्या सहा महिन्यांच्या देखरेखीच्या अटीमागचे तत्त्व आजही टिकून राहिले, याचे कारण ते शेतीच्या स्वभावाला धरून होते. पेरणीपासून काढणीपर्यंत पीक कोणाला तरी पाहावे लागते. नव्याने शिकलेल्या शेतकऱ्यालाही तेवढा काळ कोणीतरी सोबत लागते.